मागचा पंखा

मिरचीच्या हंगामात नंदुरबारात कुठलाही कॉम्प्युटर उघडा, आधी शिंक येते. गावाबाहेर पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत असते. वारा येतो, चिमूटभर पूड उचलतो आणि घराघरांत शिरून दिसेल त्या फटीत ठेवून जातो. म्हणून प्रशिक्षण केंद्रात दुरुस्ती शिकणारी पोरं ब्लोअर हातात घेण्याआधी तोंडाला रुमाल बांधत. रविना ओढणी बांधायची. मग तिचे फक्त डोळे दिसत, आणि तिला तेच बरं वाटे.

रविना खापर गावाच्या वरच्या डोंगरातली. घरी पावरी, शाळेत मराठी, आणि इथल्या बाजारात ऐकून ऐकून कानात साठलेली अहिराणी. तीन भाषा गाठीला होत्या, पण तोंडातून शब्द निघायला मुहूर्त लागायचा. पितांबर सर म्हणत, "रविना, तुझा हात बोलतो गं. तोंड कधी बोलणार?"

सरांचं शिकवणं यंत्रापासून सुरूच व्हायचं नाही. यंत्राला हात लावण्याआधी लोखंडाला लावा, अंगातली वीज सोडून द्या. स्क्रू खिशात नको, वाटीत. चालू यंत्रात पेचकस घालायचा नाही, मग राजा येवो की प्रधान. काढलेला भाग पिशवीत घाला, नाव लिहा, ज्याचा त्याला परत करा, मोडका असला तरी. आणि सगळ्यात आधी, झाकण उघडण्याआधी, समोरच्या माणसाला विचारा, हे तुमच्यासाठी काय करतं?

यावर ब्राह्मणपुरीचा पवन म्हणाला होता, "सर, कॉम्प्युटर काय करस? म्हैससारखं दूध देस का?"

सगळा वर्ग हसला. सर हसले नाहीत. "तुन्हा गावमा कोनी त्यानावर हिसाब करस, कोनी पिच्चर देखस, पवन. त्यानं काय बंद पडनं ते त्याले माहीत. तुले नही."

रविनालाही तो प्रश्न उगाचच वाटला होता. बंद पडलंय, चालू करायचं. विचारायचं काय त्यात?

बेबीबाई आल्या त्या दिवशी काउंटरवर तीच होती.

रनाळ्याहून दिराच्या मोटरसायकलवर मागे बसून आल्या. मांडीवर जुन्या लुगड्यात गुंडाळलेला कॉम्प्युटरचा कॅबिनेट. तो त्यांनी काउंटरवर ठेवला, लुगडं सोडलं, आणि रविना बघतच राहिली. कॅबिनेटच्या कपाळावर हळदीकुंकवाचे थरावर थर होते, कोरडे, तडे गेलेले. मागच्या पंख्याच्या जाळीत झेंडूची सुकलेली पाकळी. फटीफटीत उदबत्तीची राख.

दीर, भिलाभाऊ, पुढे झुकून हळूच म्हणाले, "मन्हा पुतन्याना शे. भाग्येशना. मागला साल सडकवर गया तो." मग मोठ्याने, वहिनीला ऐकू जाईल असं, "चालू करी द्या, बेटा. बस."

प्रश्न रविनाच्या जिभेवर आला होता. पण समोर आई होती, लेक गमावलेली. आणि रविनाच्या पाड्यात कुणी गेलं की शेजारपाजारची माणसं येतात, अंगणात बसतात आणि गप्प राहतात. कुणी विचारत नाही, कसं झालं, काय झालं. दुःख असलेल्या माणसाला विचारणं म्हणजे त्याच्या अंगावरचं पांघरूण ओढणं, असं तिची आजी मानायची. चूल पेटवून द्यावी, पाणी भरून द्यावं, आणि बसून राहावं. तेवढंच आपलं काम.

म्हणून रविना गप्प राहिली. कागदावर लिहिलं: चालू होत नाही.

बेबीबाई थोडा वेळ तिच्या तोंडाकडे बघत उभ्या राहिल्या. काही विचारेल, असं त्यांना वाटलं असावं. मग त्यांनी लुगड्याची घडी केली आणि गेल्या.

काम रविनाच्या एकटीच्या हाताचं होतं. सरांनी मुद्दाम कुणाला मदतीला दिलं नाही. तिने मन लावून केलं. एसएमपीएस, म्हणजे विजेचा डबा, राखेने आणि मिरचीच्या पुडीने गुदमरून जळाला होता. तो बदलला. मागचा पंखा हाताने फिरवला तर खरखरत होता, आस झिजलेला. तोही बदलला. आतली धूळ काढली. आणि मग ओल्या फडक्याने कॅबिनेटच्या कपाळावरचं कुंकू पुसलं. फडकं लालभडक झालं, पाणी लाल झालं, खालून मूळचा काळा पत्रा चमकला.

बटण दाबलं. दिवा लागला, पडदा उजळला, भाग्येशच्या सगळ्या फायली जागच्या जागी. आणि आवाज? सुईच्या टोकाएवढाही नाही.

"वा," सर म्हणाले. "चालू शे का बंद, ते हात लावीसन देखनं पडी!"

जुना डबा आणि जुना पंखा तिने पिशवीत घालायला घेतले, मग थांबली. हे परत देऊन त्या माउलीने करायचं काय? जळक्या गोष्टी लेकाच्या नावाने घरी न्यायच्या? तिला ते बरं वाटलं नाही. दोन्ही तिने भंगाराच्या पोत्यात टाकले. दुसऱ्या दिवशी सकाळीच चुनीलाल भंगारवाला पोतं घेऊन गेला.

त्याच दुपारी बेबीबाई आल्या.

रविनाने कॅबिनेट टेबलावर ठेवला, पडदा जोडला, बटण दाबलं. "बघा मावशी, सगळं आहे. काहीच गेलं नाही." एकेक फाईल ती उघडून दाखवू लागली.

बेबीबाईंनी पडद्याकडे पाहिलंच नाही. त्या वाकल्या आणि कान कॅबिनेटला लावला. पदर गळून टेबलावर पडला. बराच वेळ तशाच राहिल्या.

"चालू कर नं, पोरी."

"चालूच आहे, मावशी."

"नही." त्यांनी पत्र्यावरून हात फिरवला, जिथे कुंकू होतं तिथे बोटं थांबली. "हाऊ मन्हा नही."

भिलाभाऊ वरमले. "वहिनी, तोच शे. धुई काढेल शे फक्त."

"मंग बोलस काब्र नही?"

 सर दारात येऊन उभे होते. रविनाची ओढणी तोंडावरून केव्हाच खाली आली होती. तिला कळलं की आता गप्प राहणं ही माया नाही, पळ काढणं आहे. तिने स्टूल ओढलं, बेबीबाईंना बसवलं, स्वतः खाली फरशीवर बसली आणि जो प्रश्न त्या दिवशी गिळला होता तो वर काढला.

"मावशी, हा तुमच्यासाठी काय करायचा?"

बेबीबाईंनी तिच्याकडे पाहिलं. वर्षभरात हे कुणी विचारलं नव्हतं, हे त्यांच्या डोळ्यांतच दिसलं.

"तो पुढली खोलीमा बठे," त्या म्हणाल्या. "गावना लोके येत, त्यासना फारम भरी दे. मी मांगे चुलापान. मधमा भित. माले तो दिखे नही, पन हाऊ घुरघुर करे. घुरघुर शे म्हंजे आंडोर घरमा शे. बंद व्हयनी का मी समजू, आते तो हात धोवाले उठी. मंग मी शेवटली भाकर तावावर टाकू. गरम भेटाले पाहिजे नं त्याले."

 लेक म्हणायला त्यांच्या तोंडात 'आंडोर' येत होतं, आणि दर वेळी तो शब्द जरा जपून, भरल्या भांड्यासारखा, खाली ठेवला जात होता.

"तो गया. मंग मी रोज सांजले याले चालू करू, कुकू लावू, आनी भाकरी थापाले बठू. माले काही वाचता येत नही, पोरी. माले त्यामानं काहीच नको. हाऊ बोले, तेवढंच. ज्या दिन हाऊ बंद पडना, घर मुकं व्हयनं."

रविनाला खापरवरचा आपला शेताचा बांध आठवला. तिथे पणजोबाच्या नावाचा सागाचा खांब आहे. त्याला ऊन लागलंय, शेवाळ चढलंय, वाळवीने एक बाजू खाल्लीय. दर वर्षी नवं धान्य आधी त्याच्यापुढे ठेवतात. पण आजवर कुणी तो खांब तासून नवा केला नाही. हे तिला चालायला शिकल्यापासून ठाऊक होतं. आणि इथे येऊन तिने फडक्याने कुंकू पुसलं.

"तो आवाज मागच्या पंख्याचा होता, मावशी," ती म्हणाली. "मी काढला. परत द्यायचा नियम आहे, तो मी पाळला नाही. भंगारात टाकला."

भिलाभाऊंनी डोळे मिटले. बेबीबाई रागावल्या नाहीत, तेच तिला जड गेलं. त्यांनी फक्त विचारलं, "कोठे?"

"चला," रविना म्हणाली.

चुनीलालचा वाडा बाजाराच्या मागे. पत्र्याचे ढीग, सायकलींची हाडं, फ्रिजची दारं. पवनही मागोमाग आला होता, सरांनी पाठवलं म्हणून.

"पंखा?" चुनीलाल हसला. "आठे पंखासनी जत्रा शे, बेन. घ्या निवडीसन!" आणि त्याने एक घमेलं पायाने पुढे सरकवलं. काळे, चौकोनी, एकसारखे. धुळीच्या त्याच रंगाचे. कुठला कुणाचा, देवाला ठाऊक.

रविनाने ते हातात घेऊन पाहिले. सगळे सारखेच. तिने आपल्या पंख्याला काही खूण केली नव्हती, नावाची पिशवी केली नव्हती. बेबीबाई एका आडव्या टायरवर बसल्या होत्या.

"चुनीलालभाऊ, एखादी चालू बॅटरी आहे? मोटरसायकलची?"

"शे ना. पन काय करशी?"

"यांना बोलायला लावते."

बॅटरी आली. रविनाने एक पंखा घेतला, लाल वायर एका टोकाला, काळी दुसऱ्या टोकाला टेकवली. पंखा फिरला. बेबीबाईंनी डोळे मिटले होते.

"नही."

दुसरा किणकिणला. "नही."

तिसरा धाप लागल्यासारखा खोकला, थांबला, पुन्हा खोकला.

"याले सर्दी व्हयेल शे," पवन म्हणाला. बेबीबाईंच्या ओठांच्या कडेला काहीतरी हललं. हसूच असावं.

असं एकेक चाललं. काही फिरलेच नाहीत. काही फिरले आणि मुके राहिले. भिलाभाऊ येरझाऱ्या घालू लागले. चुनीलालने आपला रेडिओ बंद केला, न सांगता. ढिगाऱ्यावरचं ऊन सरकत भिंतीवर चढलं. रविनाच्या बोटांना वायरींचे चटके बसत होते, आणि दर वेळी नवा पंखा उचलताना ती मनात कुणाला तरी विनवत होती. खापरवरच्या त्या खांबालाच बहुधा.

घमेल्याच्या तळाशी गेल्यावर तिने एक उचलला. वायर टेकवली.

घुर्रर्र. मग जरा खाली. मग पुन्हा घुर्रर्र, जात्यात मूठभर दाणे जास्त पडल्यासारखं.

बेबीबाई 'नही' म्हणाल्या नाहीत. 'हो' पण म्हणाल्या नाहीत. डोळे मिटलेलेच. पण मांडीवरचे त्यांचे हात उचलले गेले, एक तळवा दुसऱ्यावर आला, आणि हवेत, पिठाशिवाय, त्या भाकरी थापू लागल्या.

 रविनाने बोटं भाजत असतानाही वायर सोडली नाही.

परत केंद्रात आल्यावर पितांबर सरांनी सगळं ऐकून घेतलं. रविनाला ते ओरडले नाहीत. "आते काय करशी?" एवढंच विचारलं.

तिने ठरवलं होतं. नवा पंखा पुढच्या बाजूला बसवायचा, यंत्र थंड ठेवायचं काम त्याचं. जुना मागे, त्याच्या जुन्या जागी. त्याच्यावर ओझं नको. त्याने फक्त बोलायचं. पण आणखी एक गोष्ट सांगायची राहिली होती, आणि ती सांगायला रविना बेबीबाईंसमोर येऊन उभी राहिली.

"मावशी, याचा आस झिजलाय. हा फार दिवस चालणार नाही. एक दिवस थांबेल. मला तो नवा करता येत नाही."

भिलाभाऊंना हे नको होतं, त्यांनी मान हलवून तिला खुणावलं. पण बेबीबाईंनी रविनाचा हात धरला, भाजलेल्या बोटांचा.

"त्याले त्याना येळले थांबू दे, माय," त्या म्हणाल्या. "भाग्येश गया तवय माले कोनी सांगं नही. सकायले डबा लिसन गया, आनी सांजले लोके उनात. हाऊ हळूहळू थांबी. मी ऐकसू. फक्त कोनी काढी नका लेज्यात."

जोडणी करायला रविना स्वतः रनाळ्याला गेली. पुढच्या खोलीत भाग्येशचं टेबल तसंच होतं. तिने सगळं लावलं, बटण दाबलं. घुर्रर्र. भिंतीवरची पाल दचकून सरकली.

बेबीबाई कुंकवाचा करंडा घेऊन आल्या आणि टेबलापाशी घुटमळल्या. "कोठे लावू? त्याले तरास नको व्हवाले."

रविनाने कॅबिनेटच्या कपाळावर बोट ठेवलं, जिथे फट नाही, जाळी नाही, नुसता पत्रा आहे. "इथे लावा, कितीही लावा. उदबत्ती मात्र तिकडे कोनाड्यात."

बेबीबाईंनी कुंकू लावलं आणि त्या भिंतीमागे गेल्या. थोड्या वेळाने जाळाचा वास आला, मग थापण्याचा आवाज. थप, थप, थप. इकडे घुरघुर, तिकडे थप. दोन्ही एकमेकांना वाट देत होते, सवयीच्या माणसांसारखे.

तेवढ्यात रविनाच्या लक्षात आलं की मागचा एक स्क्रू आवळायचा राहिलाय. वाटीत एकटाच पडला होता. आवळायचा तर यंत्र बंद करायला हवं, चालू यंत्रात पेचकस घालायचा नाही. तिचा हात बटणाकडे गेला.

आणि थांबला. भिंतीमागे भाकरी चालू होत्या. आत्ता बटण दाबलं तर पलीकडे काय समजलं जाईल, ते तिला माहीत होतं.

ती खुर्चीच्या बाजूला, जमिनीवर मांडी घालून बसली. स्क्रू मुठीत धरला. परतीची गाडी रस्त्यावर हॉर्न देऊन निघून गेली, तरी उठली नाही. परातीतलं पीठ संपत आल्याचा आवाज तिच्या आजीच्या घरी यायचा, तसाच इथेही आला. पंजा परातीला खरवडू लागला, शेवटचा उंडा उचलला गेला.

तेव्हा रविना उठली, आणि बटण दाबलं.

घुरघुर हळूहळू खाली आली, थांबली. भिंतीमागे क्षणभर काहीच नव्हतं. मग तव्यावर शेवटची भाकरी पडली.

"पोरी," आतून आवाज आला, "हात धोई ले."