बुधरीबाईचा गुडघा

"पोरीहो, आता इथीच बसा. वरतं देवाची जागा आहे, तिथी बाया जात नाई," बुधरीबाई म्हणाली आणि बोलता बोलताच काळ्या दगडावर टेकली.

गाइड म्हणून बारा वर्षं तिनं लोकांना हा डोंगर चढवला होता. जमिनीतून निघालेली आग थंडावून हा दगड झाला, हे ती पर्यटकांना तोंडपाठ सांगे. गावाला त्यात नवल नव्हतं; इथला देव तापट, हे त्यांना आधीच ठाऊक होतं. म्हणून तर माथ्यावर बाईनं पाय ठेवायचा नाही अशी रीत होती. ती मोडली बुधरीबाईनंच. त्या वर्षी धान करपलं, तर गावानं तिच्या नावानं बोटं मोडली, तिच्या हातचं पाणीही घेईना. पण बाई खमकी. चढायची थांबली नाही.

आता मात्र गुडघ्यानं दगा दिला होता. पंधरा दिवस ती दुखणं लपवत होती. माथा गाठू न शकणाऱ्या गाइडचं नाव गावची पर्यटन समिती आपल्या यादीतून काढते. नाव गेलं की पुन्हा मोहफुलं वेचायची, आणि वाकायला तरी गुडघा हवाच की. आरमोरीच्या शाळेचे मुलगे आणि त्यांचे सर लटारू गाइडसोबत कधीच पुढे गेले होते. अकरा मुली आणि त्यांच्या रंजीता मॅडम तिच्या वाट्याला आल्या होत्या. अडल्या जिवाला सबब सापडली, ती नेमकी देवाची.

तिला वाटलं, मुली हुज्जत घालतील. घातली असती तर बरं झालं असतं. पण त्या मुकाट्यानं बसल्या आणि पाण्याच्या बाटल्या काढल्या. मॅडमनी तर बूट काढून माथ्याला हात जोडले. निशा नावाची चुणचुणीत पोर मघापासून सगळ्यांच्या पुढे पळत होती. ती तेवढी वर बघत राहिली. मग तिनंही मान खाली घातली.

बुधरीबाईनं त्या खाली गेलेल्या मानेकडे पाहिलं. साऱ्या गावाला बारा वर्षांत जमलं नाही, ते आपण एका वाक्यात केलं. तिला स्वतःची लाज वाटली.

"खोटं बोलली मी," ती म्हणाली. "देव नाई अडवत कोणाले. माहा गुडघा गेला, म्हणून मीच अडवून राह्यली तुमाले."

मॅडमनी हळूच विचारलं, हे समितीला कळलं तर? कळणारच, ती म्हणाली. अकरा तोंडं कोण बांधणार? मग तिनं शिट्टी फुंकली. मुलग्यांना सरांजवळ बसवून लटारू खाली आला. गुडघ्याचं ऐकून तो म्हणाला, मी कुठं बोलणार नाही.

"सांग बाप्पा," ती म्हणाली. "नाई तं उद्या पुन्हा देवाचं नाव घेईन मी."

लटारूमागून मुली निघाल्या, बूट घालून मॅडमही. निशा पुन्हा सगळ्यांच्या पुढे. बुधरीबाई पाय पसरून बसली. माथ्याच्या कडेला एकेक डोकं दिसू लागलं तशी ती मोजू लागली. आपल्यासोबतची माणसं मोजणं हे गाइडचं कामच. अकरा मुली भरल्या, बाराव्या मॅडम. मग तिनं छातीवरचा गाइडचा बिल्ला काढला, पदरानं पुसला आणि मांडीवर ठेवून त्या खाली येईपर्यंत बसून राहिली.