पाठीवरचे ठोके

"काय म्हणालीस?" बुरुलसुननं वळून विचारलं.

"काही नाही, आपा. चहा ओतू का म्हटलं," सून गुलजात पुटपुटली.

सुनेनं सासूसासऱ्यांपुढे हळू बोलावं ही किरगिझ घरातली रीतच, पण हल्ली ही जरा अतीच करत होती. अन् ती एकटीच नव्हे. नवरा, शेजारीण, दुकानदार, मेले सगळेच बुरुलसुनशी तोंडातल्या तोंडात बोलत. काहीतरी शिजत होतं खास. डॉक्टर नसलेल्या या डोंगरगावात आयुष्यभर तिनंच सगळ्यांच्या छात्या तपासल्या, आणि आता तिच्यापासूनच लपवाछपवी!

जुमादिल, तिचा नवरा, महिनाभर खोकत होता. आज तिनं त्याला धरूनच बसवला.

"शर्ट काढा. खरं सांगा, धाप लागते ना?"

"छे गं. मेंढरांची धूळ आहे," तो जरा ओरडूनच म्हणाला.

तिचा काडीचा विश्वास बसला नाही. डावं बोट त्याच्या बरगड्यांमध्ये टेकवून तिनं त्यावर उजव्या बोटानं ठोकलं. चांगलं फुप्फुस पोकळ वाजतं, पाणी भरलं की बद्द. उजवीकडे बद्द आवाज आला. डावीकडेही बद्द. वर खांद्यापाशी, तिथंही तेच.

एवढं पाणी झालेला माणूस सकाळी कुरणावरून चालत येतो होय? आता तिला भलताच संशय आला.

"गुलजात, इकडे ये. पाठ वळव."

पोरगी घोड्यासारखी धडधाकट. तिचीही पाठ बद्दच वाजली.

म्हणजे कुजबुजत कुणीच नव्हतं. तिचे स्वतःचेच कान गेले होते. बुरुलसुनला इतकं हलकं वाटलं की हसूच फुटलं. गेले तर गेले, म्हातारा तर ठणठणीत आहे ना!

"मग झालं? घालू शर्ट?" जुमादिलनं विचारलं.

"थांबा जरा."

कानांचा नाद सोडून, डोळे मिटून तिनं पुन्हा ठोकलं. यावेळी लक्ष फक्त खालच्या बोटाकडे. डावीकडे बोटाला बारीक, पोकळ थरथर जाणवली. उजवीकडे, खाली, जणू पिठाचं गच्च पोतं. पुन्हा ठोकलं. बोटाखाली काही हललंच नाही.

"गुलजात, तुझ्या नवऱ्याला गाडी काढायला सांग. जिल्ह्याच्या दवाखान्यात जायचंय, आत्ताच."

मान खाली घालून जुमादिल काहीतरी बोलला. ती त्याच्यासमोर येऊन बसली आणि त्याच्या शर्टाची बटणं लावू लागली.

"मोठ्यानं बोला," ती म्हणाली. "मला ऐकू येत नाही."