गळाला लागलेला चमचा

मी चमचा. "कुणाचा?" असं विचारून डोळा मारू नका, मी खरोखरचा, जेवणाच्या टेबलावरचा चमचा होतो. पितळेचा, वरून चांदीचा मुलामा, दांड्यावर वेलबुट्टी. आता दांडा गेला, वेलबुट्टी गेली, शेपटीला तीन तोंडांचा गळ आला आणि मला बघून मासे आ वासतात. हे कसं झालं ते ऐका.

आम्ही सहा भाऊ एका मखमली पेटीत वाढलो. मालकीणबाईंच्या थोरल्या बहिणीने आम्हाला त्यांच्या लग्नात भेट दिलं. मालकीणबाईंनी "पाहुण्यांसाठी" म्हणून आम्हाला कपाटात ठेवलं आणि पाहुणे आले की "घरचेच तर आहेत" म्हणत रोजचे चमचे काढले. अशी अकरा वर्षं गेली. माणसं चांगल्या वस्तूला इतकं जपतात की ती बिचारी कंटाळून काळी पडते. मी पडलोच होतो.

मालक एका ऑफिसात हेडक्लार्क. साहेब हसले की हसायचं, साहेब शिंकले की खिडकी लावायची, आणि वेळ उरला तर फायली. पाठीमागे सगळं ऑफिस त्यांना माझ्याच नावाने ओळखायचं. मला याचा फार राग येई. मी तोवर कुणापुढे वाकलो नव्हतो.

दर रविवारी साहेब तलावावर गळ टाकायला जात आणि मालकांना सोबत नेत. साहेबांच्या पेटीत दुकानातली महागडी आमिषं: रबरी बेडूक, पिसांच्या नकली माश्या, आणखी काय काय. मालकांकडे एक साधी काठी. तरी मेला मासा नेमका मालकांच्याच काठीला लागे. मग मालक घाईघाईने काठी साहेबांच्या हातात कोंबत आणि म्हणत, "साहेब, तुम्ही जवळ उभे होता म्हणून आला बघा!" मासा मालकांचा, फोटो साहेबांचा.

एका शनिवारी मालकीणबाई बाहेर गेल्या होत्या. मालकांनी कपाट उघडलं, आम्हा सहाही जणांना उन्हात धरून पाहिलं आणि मलाच उचललं. करवत लागली तेव्हा मी बोंब मारली, पण चमच्याची बोंब म्हणजे नुसती करकर. दांडा गेला. मग दोन टोकांना दोन भोकं पाडली, कानशीने कडा गोल केली, पकडीने पोटाला जरासा बाक दिला. मुलीच्या नेलपॉलिशने दोन लाल डोळे काढले. एक वर, एक खाली, त्यामुळे मी कायम चकित दिसतो. शिवणाच्या डब्यातल्या दोऱ्याची शेपटी बांधली. गळ दोनदा बोटात घुसला आणि मालक दोन्ही वेळा हसले. अकरा वर्षं ज्यांना मी फोनवर फक्त "हो साहेब" म्हणताना ऐकलं, ते चक्क शीळ घालत होते. खोटं कशाला सांगू, दांड्याचं दुःख मी तिथेच विसरलो.

मग मला न्हाणीघरात बादलीत पोहवून पाहिलं. "डावीकडे कलतोय," म्हणून पुन्हा कानस, पुन्हा बादली.

मधेच मालकीणबाई परतल्या आणि थोड्या वेळाने न्हाणीघराच्या दारावर थाप पडली. "अहो, कधीची वाट बघतेय! आत पोहताय का?"

"मी नाही, चमचा पोहतोय!" मालकांच्या तोंडून निघून गेलं.

दार उघडलं. मी चकित, त्याही चकित.

"ताईचा सेट!"

"पाच आहेत की अजून," मालक म्हणाले. हे म्हणायला नको होतं.

"म्हणजे सहाव्या पाहुण्याने काय, आपली पाळी येईपर्यंत टाळ्या वाजवायच्या?" मग जरा शांत होऊन त्या म्हणाल्या, "परवा बढतीची यादी लागतेय. उद्या साहेबांना तेवढं खूश ठेवा. चमच्याचं मग बघते."

रविवारी मी तलावात पडलो. दोरा ओढला की मी जखमी माशासारखा लंगडत डुलायचो. तिसऱ्या खेपेला मागून काहीतरी काळं आलं आणि खाडकन मला गिळलं. काठी पार वाकली. साहेबांनी सवयीने हात पुढे केला.

"आणा इकडे."

मालकांनी काठी पुढे केली आणि हात मधेच थांबला. मग त्यांनी काठी परत स्वतःकडे ओढली.

"नाही साहेब."

"काय?"

"हा मी केलाय."

"मासा?"

"चमचा."

साहेबांना काही कळलं नाही. मालकांनाही फारसं कळलं नसावं. ते घामाघूम होऊन दोरा खेचत होते. मासा काठावर आला, चांगला हातभर. त्याचा फोटो कुणी काढला नाही, कारण फोटो काढायचं काम मालकांचंच असे.

सोमवारी यादी लागली. मालकांचं नाव नव्हतं. मालकीणबाईंनी दोन दिवस अबोला धरला. मला फार वाईट वाटलं. माझ्यापायी माणसाची बढती गेली होती. मालक मात्र मला एका डबीत घालून खिशात बाळगत.

आज साहेबांनी त्यांना केबिनमध्ये बोलावलं आणि दार लावून घ्यायला सांगितलं. मालकांनी दार लावलं, मी खिशातल्या डबीत खुळखुळलो.

साहेबांनी खण उघडला. रुमालातून एक जाडजूड चमचा काढला, बिनदांड्याचा, कडा उंदराने कुरतडल्यासारखी. साहेबांच्या अंगठ्याला पट्टी होती.

"बायकोला माहीत नाही," ते हळूच म्हणाले. "तीन दिवस खपतोय. पण तुमच्यासारखा डुलत नाही हो. तसा बरा झालाय ना?"

"फारच सुंदर, साहेब," हे शब्द मालकांच्या ओठांवर आलेच होते. पण त्यांनी चमचा हातात घेतला, उजेडात धरला, कडेवरून बोट फिरवलं.

"नाही साहेब," ते म्हणाले. "चुकलाय. पुन्हा घासा."

साहेबांनी निमूटपणे खणातून कानस काढली.

हे सगळं मी साहेबांच्या टेबलावरून सांगतोय. नमुना म्हणून मला इथे मांडलंय. मुलामा उडालाय, अंगावर माशाचे दात उमटलेत, पण प्रकृती उत्तम. दारावर मघापासून टकटक चाललीय. बाहेर जो कुणी फायली घेऊन उभा असेल त्याला हात जोडून विनंती आहे, बाबा रे, जरा दम धर. मालक शिकवतायत.