आपलंच गिऱ्हाईक

सामोआच्या कंपन्यांना न्यूझीलंडच्या बाजारात उभं करणं हे माझं काम. लष्कराच्या भाकऱ्याच म्हणा, फक्त मला त्या भाजायचा पगार मिळतो. गेली कित्येक वर्षं ऑकलंडमध्ये बसून मी हेच करते आहे आणि फुआतिनोमावशीइतकं मला कोणी छळलेलं नाही.

मावशी माझ्या आईच्या गावची, सामोआच्या सवाई बेटावरची. कोकोच्या बिया भाजायच्या, कुटायच्या आणि वड्या पाडायच्या, हा तिचा कारखाना. हाताखाली गावातल्या चार बायका आणि मुलगी लागी. लागीचा नवरा समुद्रात बुडून गेलेला, पदरात दोन पोरं. धंदा इथे चालला तर लागी घरी राहणार होती, नाहीतर पोरांना आईकडे टाकून तिला इथे सफरचंदं तोडायला यावं लागणार होतं. मावशीने मला एवढंच सांगितलं होतं, "लागीला माझ्याजवळ राहू दे."

मोठ्या दुकानवाल्यांनी नाकं मुरडली. वडी उकळून प्यायली की कपाच्या तळाशी चोथा राहतो म्हणे. अरे, तो चावून खाण्यातच तर मजा! मग मी म्हटलं, गोऱ्यांचं जाऊ दे. ऑकलंडची मांगेरे, ओतारा ही उपनगरं आपल्याच सामोअन माणसांनी भरलीत, आणि या कोकोसाठी ती जीव टाकतात. ओताराच्या शनिवारच्या बाजारात जागा मिळवली, भावाची पाटी लावली आणि मावशीला खोक्यांसकट विमानाने बोलावून घेतलं.

मी गाडी लावून येईपर्यंत निम्मी खोकी संपली होती. मला आनंद झाला. मग गल्ला उघडला, तर आत सुट्ट्यासाठी मीच ठेवलेली नाणी तेवढी होती.

"मावशी, ती गिऱ्हाइकं होती."

"गिऱ्हाईक कसलं? त्याच्या आजीने मला अंगाखांद्यावर खेळवलंय."

"आणि आत्ता गेली ती बाई? तिला तर तू ओळखतही नव्हतीस."

"नव्हतेच. पण तिने विचारलं, तुम्ही कोणाच्या? मी सांगितलं. निघाली की आपलीच."

मी कपाळाला हात लावला. पुढच्या खेपेला मावशीला गावीच ठेवलं आणि विकायला शेजारच्या टोंगा देशाचा एक माणूस बसवला, म्हणजे नात्याची भानगडच नको. तर लोक त्याला विचारायचे, कोको कोणाचा? नाव कळलं, की तिथूनच मावशीला फोन लावायचे, आईबापाची चौकशी करायचे आणि फोन त्या बिचाऱ्याच्या कानाला लावायचे. पलीकडून हुकूम यायचा, "देऊन टाक रे बाबा."

बरं, लोक फुकटे होते असंही नाही. मावशीचा भाऊ वारला तेव्हा मांगेरेतून मयताला द्यायच्या रिवाजाच्या चटया गेल्या, पैसे गेले, डबाबंद मासळीची खोकी गेली. वादळात छप्पर उडालं तेव्हा पत्रे गेले. तिच्या हिशेबी काहीच बुडालं नव्हतं. तिच्यावर ओरडायला मला जागाच उरायची नाही. पण चटया देऊन बियांची पोती मिळत नाहीत आणि पत्र्यांनी बायकांची मजुरी भागत नाही. गेल्या वर्षी भट्टी थंड झाली. मला फार वाईट वाटलं, अजून वाटतं.

या मोसमात लागी आली. ऑकलंडला उतरून तिला पुढे बागांकडे जायचं होतं. मी विमानतळावर भेटायला गेले. धाकटा अजून तिच्याच कुशीत झोपायचा, आता आजीजवळ झोपेल का, असं म्हणताना ती दुसरीकडेच बघत होती. मग तिने पिशवीतून एक खोकं काढलं. शेवटच्या भट्टीतलं, मावशीने माझ्यासाठी वेगळं काढून ठेवलेलं.

मी पर्स उघडली. पाटीवरचा भाव माझ्यापेक्षा जास्त कोणाला पाठ असणार? तोच भाव मी लोकांना द्यायला लावणार होते, आणि इतक्या वर्षांत मी स्वतः तो एकदाही दिला नव्हता.

लागीने दोन्ही हात पाठीमागे नेले.

"ताई, तुझ्याकडून? आई मला परत घरात घेणार नाही."

"घे गं. पोरांसाठी घे."

"ताई, नको ना. मला लाज वाटते."

तिच्या बसची वेळ झाली होती. मी नोटा परत पर्समध्ये ठेवल्या आणि खोकं घेतलं.