बिनकडीचं चिलखत

साखऱ्याच्या तांड्यावरच्या पेमा राठोडच्या हातची वस्तू ओळखायची, तर तिला कडी आहे का ते बघायचं. वखराला कडी, कणगीला कडी, कोंबड्यांच्या खुराड्याला कडी. एकदा ग्रामपंचायतीनं लोखंडी बाक करायला दिला, तर पठ्ठ्यानं त्याला दोन्ही बाजूंनी कड्या लावून दिल्या. लोक हसले. पेमा म्हणाला, "हसा. खाली ठेवलेली वस्तू कधी ना कधी उचलाच लागती का न्हाई?" आता याला काय उत्तर द्यायचं? बाक तिथंच आहे अजून. कड्यांना लोक शेळ्या बांधतात.

अशा माणसाच्या वेल्डिंगच्या शेडमध्ये पुसेगावचा शिवप्रसाद एक दिवस मोटारसायकल लावून उभा राहिला. शिवप्रसाद मोबाईलवर टाकायला सिनेमे करायचा. नवरा-बायकोच्या भांडणाचे दोन करून झाले होते आणि त्याचा त्यालाच कंटाळा आला होता. आता त्यानं २२४० सालची, दुसऱ्या ग्रहावरची लढाई काढायची ठरवली होती. थर्माकोलचं चिलखत करून बघितलं, ते वाऱ्यानं ज्वारीच्या रानात नेलं. मग त्याला पेमा आठवला.

"काका, चिलखत पाहिजे. दोनशे वर्षांनंतरच्या सैनिकाचं."

पेमानं डोळ्यावरची काच वर केली. "समोरच्याकडं हत्यार कोणतं हाय?"

हा प्रश्न येईल असं शिवप्रसादला वाटलं नव्हतं. "लेझर," तो म्हणाला. "उजेड असतो काका. कापतो."

"किती जाडीचा पत्रा कापतो?"

"आवो, नुसतं दिसायला पाहिजे. एका दिवसाचं शूटिंग."

"ते बराबर हाय. पण कापतो किती?"

यात हसण्यासारखं काही नव्हतं. पेमाचा एकुलता एक पोरगा, रणजीत, तीन वर्षांपासून फौजेत होता. कुठं आहे ते तो सांगायचा नाही. फोन आला की जिवनबाई, म्हणजे त्याची आई, तांड्यावरच्या बोलीत याडी, जेवला का, थंडी हाय का, भाजी कोणती होती, सगळं विचारायची. मग फोन पेमाकडे यायचा. पेमा म्हणायचा, "बरं हाय ना? ठेवू का?" आणि ठेवायचा. आपल्या लेकराला काही लागू नये, एवढंच त्याचं मागणं होतं आणि त्यासाठी आपल्या हातून काहीच होत नाही हे त्याला खात होतं. लोखंडाचं सगळं येणारा माणूस तो, आणि इथं हात बांधलेले. आणि आता हा शिवप्रसाद आपल्या पायांनी चालत आला, सैनिकाला चिलखत करा म्हणून.

शिवप्रसादनं मोबाईलवर चित्रं दाखवली. खांदे रुंद, कमरेला निळे दिवे, पोट उघडं.

"पोट काहून उघडं?"

"भारी दिसतं काका."

"आतडी कुठं असतात म्हाईत हाय का तुला?" पेमानं विचारलं, आणि चित्र बघणं तिथंच बंद केलं.

पुढं त्यानं ते आपल्या डोक्यानं केलं. अठरा गेजचा पत्रा, छातीवर दुहेरी. पोट बंद. मान बंद, पार नाकापर्यंत. पाठीवर फवारणीच्या जुन्या पंपाची टाकी, कारण शिवप्रसादच्या म्हणण्यानं त्या ग्रहावर हवा नव्हती. कडा घासून घासून अशा गुळगुळीत केल्या की बोट फिरवलं तर घसरून जावं. वखराची कामं घेऊन लोक यायचे आणि परत जायचे. पेमा म्हणायचा, सैन्याचं काम चालू हाय.

लेझरचा विचार मात्र त्याच्या डोक्यातून जाईना. उजेडच असेल, तर उजेडाला आरसा दाखवला की तो आल्या वाटेनं जाणार. त्यानं जिवनबाईकडे तिच्या लग्नातली कांचळी मागितली. तांड्यावरच्या बायकांची ती जुनी चोळी, पुढून सगळी आरशांनी भरलेली.

"डोकं फिरलं का तुमचं?" जिवनबाई म्हणाली. "माझी कांचळी फाडून दुश्मनाला दाखवता?"

भांडायला म्हणून ती तरातरा शेडमध्ये आली. चिलखत लोखंडी घोडीवर उभं होतं. तिनं खांद्यापासून खांद्यापर्यंत नजर टाकली. मग खुंटीवर रणजीतचा जुना सदरा लटकत होता, तिकडे बघितलं. सदऱ्यावर खडूच्या खुणा होत्या. बाई घरात जाऊन कांचळी घेऊन आली आणि उसवायला बसली. दिवेलागणीपर्यंत छातीवरचे सगळे आरसे चिकटवून झाले होते.

आता घोडं अडलं ते असं. सिनेमाचा हिरो होता देविदास, शिवप्रसादचा मावसभाऊ. अंगानं किरकोळ, उंचीला बेताचा. त्याला चिलखतात उतरवलं, तर डोळे मानेच्या पत्र्याखाली गेले. विहिरीतून बोलल्यासारखा आवाज यायला लागला.

"काका, माप कुणाचं घेतलं?" शिवप्रसादनं विचारलं.

"सैनिकाचं," पेमा म्हणाला.

शिवप्रसाद चिलखताभोवती फिरला. "आणि कडी कुठं हाय? तुमी तर खुराड्यालाबी कडी लावता."

"ही उचलायची वस्तू न्हाई."

"बरं ते राहू द्या. छातीला इथं एक भोक पाडून द्या. शेवटी हिरो मरतो. लेझर आरपार जातो."

"जाणार न्हाई."

"आवो, गोष्टच तशी हाय."

"मग गोष्टीत चूक हाय. दुहेरी पत्रा हाय, वरून आरसा हाय. कुठून जाईल?"

शिवप्रसादनं समजावलं, की हिरो मेला तर बघणारे रडतील, रडले तर पुढं पाठवतील. पेमानं सगळं ऐकून घेतलं आणि ग्राइंडर उचलून कपाटात कुलपात ठेवला. दुसऱ्या दिवशी शिवप्रसादनं काळ्या कागदाचं गोल भोक कापून छातीवर चिकटवलं. पेमानं ते नखानं खरवडून काढलं. शिवप्रसादनं परत चिकटवलं. पेमानं परत काढलं, आणि या वेळी जागा रॉकेलनं पुसून घेतली. शेवटी शिवप्रसादनं कानाला खडा लावला. लेझर बाहेरून लागतो, हिरो नुसता पडतो, असं ठरलं. पडायला पेमाची हरकत नव्हती. पडलेला माणूस उठतो.

त्याच आठवड्यात रणजीत सुट्टीवर आला. आल्या आल्या आईच्या हातची भाकरी खाल्ली आणि शेडमध्ये येऊन चिलखताला बोटानं टकटक केलं.

"हे काय करून राहिले, बा?"

"सिनेमाचं हाय," पेमा म्हणाला. मग जरा थांबून, "घालून बघ."

रणजीतनं घातलं. खांदा खांद्यावर, कंबर कमरेवर. बिजागऱ्या आपोआप बसल्या. पेमा चारी बाजूंनी फिरून बघत राहिला. लग्नात नवरदेवाकडेसुद्धा त्याचा बाप एवढा बघत नसेल.

"कसं वाटतंय?"

"बसता येत न्हाई यात," रणजीत म्हणाला. "सैनिक लढतो कमी, बा. बसूनच जास्त राहतो."

पेमाला ते लागलं. पण शिवप्रसादनं टाळीच वाजवली. हिरो सापडला होता. देविदास मोकळा झाला आणि खूशही झाला, कारण ऊन एप्रिलचं होतं.

शूटिंग पेमाच्याच अंगणात झालं. हळद वाळवायला केलेला सिमेंटचा कोबा नुकताच मोकळा झाला होता, तोच २२४० सालचा ग्रह. देविदास शत्रू झाला आणि पाइपाचा तुकडा घेऊन समोर उभा राहिला. जिवनबाई ओट्यावर पदर खोचून उभी होती. शिवप्रसाद म्हणाला, "रणजीतभाऊ, लेझर लागला की पडायचं. छातीवर हात, आकाशाकडं बघायचं, मग हळूहळू पडायचं. दर्दभरं."

देविदासनं पाइप रोखला. रणजीतनं छातीवर हात नेला नाही की आकाशाकडे बघितलं नाही. चालता चालता दोरी सुटलेल्या पोत्यासारखा जागच्या जागी गेला. हात अंगाखाली, तोंड बाजूला. पत्रा कोब्यावर आपटला आणि मग काहीच हाललं नाही.

शिवप्रसाद "कट" म्हणायचं विसरला. असं पडणं रणजीतला कुणी शिकवलं, हा प्रश्न तिथं सगळ्यांना पडला. हा पोरगा हे कुठंतरी बघून आलाय, जवळून बघून आलाय, हे पेमाला कळलं.

"ऊठ," पेमा म्हणाला.

रणजीत उठला नाही. जिवनबाई ओट्यावरून धावली आणि कोब्यावर गुडघे टेकून त्याचं तोंड शोधायला लागली.

"याडी, मला काही झालं न्हाई," आतून आवाज आला. "उठता येऊन न्हाई राहिलं. वजन हाय."

मग सगळे उचलायला लागले. शिवप्रसादनं खांदा धरला, तो निसटला. देविदासनं कंबर धरली, तीही निसटली. पत्रा तापलेला, कडा गुळगुळीत, धरायला जागाच नाही. पेमानं स्वतः हात घातला. पोराला पालथं केलं, उताणं केलं, पण उचलता काही येईना. आपल्याच हातचं काम इतकं चांगलं झाल्याचा त्याला पहिल्यांदा संताप आला.

"बा," रणजीत म्हणाला, "तुमची कडी कुठं हाय?"

"लावली न्हाई."

"काहून?"

"कडी पडलेल्याला लागती," पेमा म्हणाला. "तू पडावा असं मला वाटत न्हाई."

रणजीतनं आभाळाकडे बघितलं. आता बघितलं, कॅमेरा बंद झाल्यावर. "आमच्या जाकिटाच्या पाठीला असती, बा. मानंच्या खाली. एक जण पडला की शेजारच्यानं धरायचं आन् ओढायचं."

"तू ओढलं कुणाला?"

"ओढलं."

"मग?"

"जगला. आता माझ्या वाटची भाजीबी खातो."

तीन वर्षांत बाप-लेकाचं एवढं बोलणं कधी झालं नव्हतं. बिजागऱ्यांचे खिळे काढून त्याला बाहेर घेतलं. पाण्यात पडल्यासारखा पोरगा घामानं निथळत होता.

पेमा शेडमध्ये गेला. ट्रॉलीला लावतात ती जाड कडी काढली. चिलखताच्या पाठीला, मानेच्या खाली, दोन्ही अंगांनी वेल्ड मारला. गार होऊ दिला. हातोडीनं ठोकून बघितला, परत मारला. मग चिलखत कोब्यावर आणून ठेवलं.

"घाल."

"आता कशाला? शूटिंग झालं."

"घाल म्हणतो ना."

रणजीतनं घातलं आणि न सांगता उताणा पडला. शिवप्रसाद पुढं झाला, तर पेमानं त्याला हातानं मागं सारलं आणि बायकोकडे बघितलं. "ओढ," तो म्हणाला.

जिवनबाईनं दोन्ही हातांनी कडी धरली. पाय रोवले, अंग मागं टाकलं. पत्रा खरखरत सरकला. हातभर सरकला, परत हातभर. कोबा संपला, तरी ती थांबली नाही. ओट्याला पायऱ्या नव्हत्या, हळदीची पोती न्यायचा उतार होता. त्या उतारावरून तिनं त्याला वर घेतलं. पेमा बाजूनं वाकून चालत होता. त्याची नजर फक्त कडीवर होती.

"याडी, बस झालं," रणजीत हसत म्हणाला. "सोड आता."

"घर येऊ दे," जिवनबाई म्हणाली, आणि उंबऱ्याच्या आत आल्यावरच तिनं कडी सोडली.

पेमानं वेल्डवरून बोट फिरवलं. "धरलंय," तो म्हणाला.