यांची नळी

"ताई, या नळीवर नाव का नाही? कुणाची आहे?" नव्या डॉक्टरीणबाईंनी फ्रीजमध्ये डोकं घालूनच विचारलं.

"यांची," प्रयोगशाळेतल्या ताई बोलून गेल्या. मग सावरून म्हणाल्या, "म्हणजे, जुन्या पेशंटची. मणक्यातल्या पाण्यात सापडलेली बुरशी."

"मग उद्या जुनं सगळं वाफेत टाका. फ्रीज म्हणजे काय माळा आहे?"

"बरं."

बरं म्हणाल्या खऱ्या, पण नळी हातातून सुटेना. नवरा जाऊन सहा वर्षं झाली. कपडे वाटून टाकले, चष्मा लेकीनं नेला. त्याच्या अंगातलं जिवंत असं एवढंच उरलं होतं: नळीतल्या खाद्यावरची साईसारखी रेघ. ताई ती दर दोन महिन्यांनी नव्या नळीत पेरायच्या. जिनं माणूस खाल्ला, तिलाच भरवायच्या.

बुरशीची भिंत ओळखू आली की रक्तातल्या पांढऱ्या पेशी तिच्यावर तुटून पडतात. म्हणून ही बुरशी भिंतीवर जाड, चिकट आवरण चढवते. पेशी शेजारून निघून जातात, ओळख न पटता. नवराही तसलाच. डोकं ठणकत असताना म्हणायचा, "काही नाही गं, तुझ्या बडबडीनं दुखतंय." लोकांच्या काचा दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली निरखणाऱ्या ताई हसून भाजी चिरायला बसायच्या.

त्यांनी नळीतल्या बुरशीची काच तयार केली. पूर्वी काळ्या शाईत बुरशीच्या एकेका पेशीभोवती त्या आवरणाचं पांढरंशुभ्र खळं दिसायचं. आता पेशी जवळजवळ उघड्या होत्या. आयतं खाणाऱ्यानं लपायचं कुणापासून?

ताईंनी स्वतःचं रक्त काढलं. वरचं पिवळसर पाणी वेगळं करून त्यात थोडी बुरशी सोडली आणि जळत्या मेणबत्तीशेजारी डबाबंद करून, म्हणजे हवा अंगातल्यासारखी कोंदेल, उबेत ठेवली. यांच्या अंगातलं काही हिला आठवतं का, एवढंच बघायचं होतं.

सकाळी ताईंनी तिची नवी काच लावली; डॉक्टरीणबाईच आधी सूक्ष्मदर्शकावर वाकल्या. "बाप रे! कसली खळी आहेत! रक्त कुणाचं घातलंत?"

"माझं."

ताईंनी डोळा लावला. प्रत्येक पेशी जाड आवरणात शिरून बसली होती. ताईंपासूनच लपून.

"मुलांना शिकवायला झकास आहे. ही राहू दे, ताई."

"नको."

ताईंनी नळी वाफेच्या भांड्यात ठेवली. वाफ उतरल्यावर झाकण उघडलं. नळीतली रेघ विरघळून गेली होती.

"अहो, धुवायला मामा आहेत ना?"

"असू दे."

नळी त्यांनी स्वतः घासली आणि इतर नळ्यांच्या ओळीत पालथी घातली.