पाव्हण्याच्या तोंडावर कूलर

आमच्या शहाजीला, म्हंजी माझ्या धाकट्या भावाला, पाव्हणा घरात आला की पार याड लागतं. खुर्ची पाव्हण्याला, सायीचं दही पाव्हण्याला, आन घरच्यांनी घाम पुसत बसायचं. त्या दिवशी तर त्याच्या पोरीला, पूनमला, बघायला नातेपुत्याची माणसं यायची हुती. मे महिना, सोलापूरचं ऊन, भिंती तव्यागत तापलेल्या. शहाजीनं कूलर असा लावला की सगळं वारं पाव्हण्यांच्या खुर्च्यांवर. मी म्हणले, "आरं, पोरीला तरी जरा गार बसू दे की." तर म्हणतो, "आक्का, रीत सोडून चालायचं न्हाय." रीत म्हणं! डोंबल तुजी रीत.

आता आमच्या पूनमचं सांगते. हातात धरून खेळायची गेमची यंत्रं येत्यात न्हवं का, ती तपासून कुठलं किती चांगलं चालतं ते ही पोरगी यूट्यूबवर मराठीतनं सांगती. लई जड गेम लावायचा आन सेकंदाला किती चित्रं येत्यात ते बघायचं. साठ आली तर लोण्यागत. तिसाच्या खाली गेली की गचके. मला ह्यातलं ढेकळ कळत न्हवतं, पर रोज ऐकून दगड बी शिकंल.

आदी करमाळ्याचा एकजण तिला बघाय आला हुता. तो हसत म्हणला, "पोरींना काय कळतंय ग्राफिक्समधलं?" त्याचा चहा तितंच निवला. आज येणाऱ्या पोराकडं पण तसलं यंत्र हाय, असं कळल्यावर पूनम सकाळीच मला म्हणली, "आत्या, त्याच्या आन माझ्या यंत्राची मी समोरासमोर तुलना करणार. माझंच नवं हाय, जोरदार हाय, जिकणार मीच. हरल्यावर तो कसा वागतो तेवढं बघायचंय. तोंड वाकडं केलं तर मी न्हाय म्हणणार, आन मग कुणी काय बी म्हणा."

मी म्हणले, "बाई गं, लोकं पत्रिका बघत्यात, तू पडदा बघ."

पोरगा आला. नाव बिरुदेव, बोलायला गरीब, चष्मा नाकावरनं घसरतोय. संगं बाप, येडूअण्णा, मिशीला तेल लावलेला. पोहे झाले, शेतीचं झालं, पावसाचं झालं. मग पूनमनं यंत्र काढलं, तसं पोराच्या डोळ्यात असा काय उजेड पडला म्हणता! त्यानं बी पिशवीतनं आपलं काढलं. जरा जुनंच हुतं. दोघांनी एकच गेम लावला, एकच जागा. रातीचं शहर, पाऊस, हजार दिवं. सेटिंग सगळ्यात वरची. तो खुर्चीवर, ती सतरंजीवर.

सुरवातीला पूनमचं पन्नासवर, त्याचं बेचाळीसवर. मी मिशा न्हाईत तरी पिळल्या. पर दहा मिनिटात आमचा आकडा घसरला की! चाळीस, तीस, सत्तावीस. त्याचं आपलं बेचाळीसच. पूनमचं यंत्र घुंऽऽ करून वराडाय लागलं.

"आमच्या पोराचं जुनं ते सोनं!" येडूअण्णा मांडीवर थाप मारून हसला. शहाजी बी हसला, मेला. स्वताची पोरगी हरती आन हा पाव्हण्याच्या सुरात सूर मिळवतोय.

पूनमनं एकदा कूलरकडं बघितलं. मला तवाच उमगलं. यंत्र तापलं की आपसूकच दमानं चालतं, हे तिनं मला शंभरदा सांगितलेलं. गार वारं त्याला, भट्टी हिला! पर बोलणार कशी? 'पाव्हणं, तुमचा कूलर इकडं फिरवा' म्हणायचं? शहाजीनं डोळेच असे वटारले की पोरगीनं परत पडद्यात मान घातली. मला तर असा राग आला, वाटलं कूलर उचलून भावाच्या डोक्यातच घालावा.

तेवढ्यात बिरुदेव वाकून तिच्या पडद्याच्या कोपऱ्यातला तापाचा आकडा वाचाय लागला. चष्मा वर ढकलला. मग कूलरकडं बघितलं.

"मामा, ही तुलना खोटी हाय," तो शहाजीला म्हणला. "माजं यंत्र न्हाय जिकलं, कूलर जिकलाय."

"आवो, ऱ्हाऊ द्या की! पाव्हणं तुमी," शहाजी हात जोडाय लागला.

"मग पाव्हण्याचं ऐका," म्हणून पोरगा उठला, सतरंजीवर येऊन बसला आन पूनमला म्हणला, "तुमी तितं बसा. परत लावू."

परत लावलं. पूनमचं पन्नासाला चिकटून बसलं ते बसलंच. त्याचं पडत पडत एकोणीसवर आलं. गेममदला माणूस दारू पिल्यागत चालाय लागला. बिरुदेवच्या शर्टाची पाठ घामानं भिजली, आन तो खो खो हसत हुता. "एकोणीस! आवो, ह्याच्यापरास चित्रं हातानं काढली तर लवकर व्हतील!"

येडूअण्णाची मिशी खाली आली. "आरं, कशाला उठलास?"

"मग खोटं जिकून काय करू, अण्णा?"

पूनम पाणी आणायचं निमित्त करून आत आली. मी मागोमाग. दिवसभर तोंडाचा पट्टा चालवणारी पोरगी, पर आता माठाशी तांब्या भरून परत वतत हुती. "आत्या, तूच सांग बाबांना," एवढंच म्हणली.

मला बघाय आले तवा मला उंबऱ्यापाशी उनात बसवलेलं. डोळ्यापुढं अंधारी येत हुती. सगळ्यांनी बघितलं, कुणी जागचं हाललं न्हवतं, आन त्यातल्याच एकाच्या संगं मी जनम काढला. डोळे पुसून मी भायेर गेले, म्हणले, "शहाजी, पोरगी व्हय म्हणती. आन तो कूलर फिरव आदी, जावई शिजतोय."